तंबूत ६० अंश, बाहेरच्या थरात ३०: एका बोटीच्या क्युअरिंगचा तपास

मला बोलावलं होतं ते रंगाचा वाद मिटवायला. बोट ११ मीटरची, ग्लास फायबर आणि इपॉक्सीची. बाजूंना २५ मिलिमीटर पीव्हीसी फोमचा गाभा, आणि सगळा हल, म्हणजे बोटीचं अख्खं अंग, व्हॅक्यूम इन्फ्युजननं एका दमात भरलेला: साच्यात कोरडं कापड अंथरायचं आणि निर्वातानं त्यात रेझिन ओढून घ्यायचं. वरून गडद निळा रंग. रंगवून झाली तेव्हा तिच्या अंगात छताची ट्यूबलाइट सरळ रेषेत दिसायची, आणि हल किती नितळ आहे हे पाहायला बोट बांधणारे याच परीक्षेवर भरवसा ठेवतात. पुढे डेकचं काम करायला तिला छपराबाहेर काढलं. तीन आठवड्यांत उजव्या बाजूवर आतल्या कापडाची वीण उमटली. समोरून पाहिलं तर काही कळायचं नाही. तिरप्या उजेडात मात्र रंगाखालचा दोरा न् दोरा मोजता यायचा.

यार्डचं म्हणणं, रंगात खोट आहे. रंगवाल्याचं म्हणणं, खालची पुट्टी कच्ची असताना घाई केली. मालकाला या दोघांच्या भांडणाशी घेणं नव्हतं. त्यानं मला एकच विचारलं, "ही बोट घेऊन मी निर्धास्त जाऊ का?"

पहिल्या दिवशी मी कुठलंही यंत्र बाहेर काढलं नाही, फक्त बोटीभोवती फिरलो. डावी बाजू शेडच्या सावलीत होती आणि साफ होती. उजवी दिवसभर उन्हात. त्या बाजूच्या मधोमध वॉटरलाइन आखताना खुणेसाठी लावलेली पांढरी चिकटपट्टी तशीच राहिली होती, हातभर लांब आणि चार बोटं रुंद. ती सोलली. पट्टीच्या कडेपासून बोटभर आतपर्यंत वीण पुसट होत गेली होती आणि मधे अगदी स्वच्छ, पहिल्या दिवसासारखी चकाकी. रंग तोच, पुट्टी तीच, कापडही तेच. फरक फक्त पांढऱ्या पट्टीनं किती ऊन परतवलं एवढाच होता. दुपारी इन्फ्रारेड गननं मोजलं, तर निळ्या रंगावर ७१ अंश सेल्सिअस आणि शेजारीच लावलेल्या नव्या पांढऱ्या पट्टीवर ४६. रंगाचा वाद माझ्यापुरता तिथेच संपला. जे काही झालं होतं ते ४६ आणि ७१ या दोन आकड्यांच्या मधे कुठेतरी झालं होतं.

इपॉक्सी कडक झाली म्हणजे पूर्ण क्युअर झाली, असं नसतं. रेझिन आणि हार्डनरचे रेणू एकमेकांना जोडत जातात तशी त्यांची हालचाल कमी होते. साखळ्या पुरेशा गुंतल्या की साहित्य काचेसारखं होतं आणि उरलेले रेणू जागच्या जागी अडकतात. जोडीदार शेजारी असतो, पण तिथवर पोचता येत नाही. ज्या तापमानाच्या वर ही जखडण सुटते ते ग्लास ट्रान्झिशन तापमान. कामावर सगळे त्याला टीजी म्हणतात. गंमत अशी की क्युअरिंग ज्या तापमानाला होतं, टीजी त्याच्या थोडाच पुढे जाऊन थांबतो. २५ अंशांच्या शेडमध्ये इपॉक्सी महिनाभर ठेवली तरी टीजी पन्नाशीच्या आसपास रेंगाळतो. पुढे न्यायचा तर तापवावंच लागतं. पोस्ट-क्युअर म्हणतात तो हाच.

म्हणजे ७१ अंशांवर जर या बोटीची बाहेरची कातडी, म्हणजे फोमबाहेरचा ग्लास-इपॉक्सीचा थर, तिच्या टीजीच्या वर जात असेल, तर सगळं जुळत होतं. जखडलेले रेणू सुटतात, अर्धवट राहिलेली जोडणी पुन्हा सुरू होते आणि जोडणी झाली की रेझिन आक्रसतं. काच आक्रसत नाही. दोऱ्यांच्या मधल्या खाचांत रेझिन जास्त, तिथे खड्डा पडतो. दोऱ्यांवर कमी, तिथे उंचवटा राहतो. हीच ती वीण. उन्हानं इथे यार्डचं राहून गेलेलं काम पुरं केलं, पण साच्याचा आधार नसताना, एकाच बाजूनं, आणि रंग चढल्यावर.

हे सगळं तोपर्यंत अनुमान होतं. यार्डकडे मात्र कागद होता. पोस्ट-क्युअर झाला होता, तंबू घालून ६० अंशांना १० तास. सोबत नमुना पट्टीचा चाचणी अहवाल, टीजी ८१ अंश. या रेझिनचा पूर्ण क्युअर झाल्यावरचा टीजी ८४. अहवाल खरा होता, कुणी आकडा रंगवला नव्हता. मग बोट कच्ची कशी?

डब्यातल्या चकत्या

उत्तर लॅमिनेशनच्या, म्हणजे कापड-रेझिनचे थर भरण्याच्या कामाच्या, फोरमनकडे होतं, आणि आपल्याकडे ते आहे हे त्यांनाही माहीत नव्हतं. हलला भोकं पाडताना होल-सॉमधून निघणाऱ्या चकत्या ते फेकत नाहीत. एका पत्र्याच्या डब्यात ठेवतात, मागे पेननं जागा लिहून. "साहेब, उगाच ठेवतो, कुठे पॅकिंगला लागतात," म्हणाले. त्या डब्यात या बोटीच्या तीन चकत्या होत्या. दोन बाजूंच्या, फोमसकट, एक एक्झॉस्टची आणि एक बिल्ज पंपाच्या तोंडाची. तिसरी तळाची, कीलजवळच्या (बोटीच्या कण्याजवळच्या) भरीव लॅमिनेटची, २२ मिलिमीटर जाड. तिन्ही पोस्ट-क्युअरनंतर पण बोट उन्हात जायच्या आधी काढलेल्या. साच्यातून निघाली तेव्हा बोट कशी होती, हे त्यांच्यात जसंच्या तसं साठलेलं.

चकतीची बाहेरची आणि आतली कातडी वेगळी केली. प्रत्येकीतून काही मिलिग्रॅमचे कण घेऊन ते डीएससी यंत्रात तापवले. हे यंत्र नमुना ठरावीक वेगानं तापवत नेतं आणि तो किती उष्णता घेतो किंवा सोडतो ते मोजत राहतं. आलेखात आधी एक पायरी दिसते, तो टीजी. पायरीनंतर उंचवटा आला तर तो उरलेल्या अभिक्रियेचा, म्हणजे किती क्युअरिंग बाकी होतं त्याचा.

बाहेरच्या कातडीचा टीजी आला ५१. मागोमाग ठळक उंचवटा. आतल्या कातडीचा ७४. तळाच्या भरीव लॅमिनेटचा ६९.

एकाच दिवशी, एकाच रेझिननं भरलेल्या बोटीत, दोन-तीन सेंटिमीटरच्या अंतरात २३ अंशांचा फरक. मधे फक्त फोम.

आता तंबूकडे पाहू. हल साच्यातच होता. तंबू वरून टाकलेला, गरम हवेचे दोन ब्लोअर हलच्या पोटात सोडलेले, तापमानाचा सेन्सर तंबूच्या छताला लोंबकळत. गरम हवा वर चढते, त्यामुळे सेन्सरला सगळ्यात चांगलं हवामान मिळालं. साच्याची पाठ शेडमध्ये उघडी, शेडमध्ये २४ अंश.

उष्णता पोटातल्या हवेतून शेडमधल्या हवेपर्यंत जाताना वाटेत काय काय अडतं, ते मोजता येतं. आतल्या पृष्ठभागावरचा हवेचा थर साधारण ०.१२५ वर्गमीटर-केल्विन प्रति वॅट रोध देतो. २५ मिलिमीटर फोमचा रोध ०.७१. १५ मिलिमीटरचा साचा ०.०५. बाहेरची हवा पुन्हा ०.१२५. बेरीज १.०१. पातळ कातड्यांचा रोध इतका कमी की तो सोडून दिला तरी चालतो. तंबू आणि शेड यांच्यातला ३६ अंशांचा फरक या रोधांच्या प्रमाणात वाटला जातो, आणि सिंहाचा वाटा फोम गिळतो. हिशेब केला तर आतली कातडी ५५ अंशांच्या जवळ, बाहेरची ३० अंशांवर. दहा तास ठेवा नाहीतर दहा दिवस, ३० च्या वर ती जाणारच नाही, कारण साच्याची पाठ तेवढीच उष्णता शेडला देत बसते. पोस्ट-क्युअर झाला तो आतल्या कातडीचा. बाहेरची कातडी दहा तास नुसती कोमट राहिली.

आणि नमुना पट्टी? ती फोमशिवायची साधी सपाट पट्टी. हलच्या वरच्या कडेला, तंबूच्या आत, चारही बाजूंनी गरम हवेत ठेवलेली. तिला ६० अंश खरंच मिळाले, म्हणून ती ८१ ला पोचली. हलवर जे गुदरलं त्यातलं पट्टीवर काहीच गुदरलं नाही. या प्रकरणात मला सगळ्यात जास्त बोचतं ते हेच. चूक लपली नव्हती. ती चाचणी करून, सही-शिक्क्यानिशी फायलीत लावलेली होती.

तळाच्या ६९ बद्दलही थोडं सांगायला हवं, कारण तिथे दुसरंच काहीतरी काम करत होतं. इपॉक्सी क्युअर होताना स्वतः उष्णता सोडते, दर ग्रॅम रेझिनला साधारण ४०० ते ५०० ज्यूल. इन्फ्युजनच्या लॅमिनेटमध्ये वजनानं एक तृतीयांश रेझिन धरलं, तर ती सगळी उष्णता आतच कोंडून राहिल्यास लॅमिनेट शंभराहून जास्त अंशांनी तापेल. तीन मिलिमीटरच्या कातडीतून ती लगेच पळून जाते. २२ मिलिमीटरच्या गठ्ठ्यातून इतक्या सहज नाही. इन्फ्युजनच्या दिवशी कीलवर हात ठेवणाऱ्या मुलानं सांगितलं की तिथे चटका बसत होता आणि बाजू थंडगार होत्या. म्हणजे एकाच बोटीत दोन ऋतू. जाड भागानं स्वतःला अर्धंमुर्धं शिजवून घेतलं, पातळ भाग आपल्या भरवशावर राहिले. बहुतेक यार्ड जाड भाग जळेल या भीतीत असतात आणि ती भीती रास्तही आहे. पण इथे नुकसान पातळ भागानं केलं.

आधी ही बोट

मालकाच्या प्रश्नाचं उत्तर मी असं दिलं: बोट बुडणार नाही, पण अशी पाण्यात टाकू नका. पाण्याखालचा भाग थंडच राहतो, तिथे टीजी ६९ असला तरी काम चालेल. उन्हात तापणाऱ्या बाजूचं तसं नाही. टीजी जवळ आला की रेझिन मऊ पडतं, दाबाखाली दोऱ्यांना सरळ धरून ठेवायची त्याची ताकद घटते, आणि धक्क्याला टेकताना हलची बाजू नेमकी दाबच खाते.

हल आता साच्याबाहेर होता, म्हणजे मऊ पडला तर आकार बिघडण्याची भीती. म्हणून तापवायचा तो सावकाश. तापमान नेहमी त्या घडीच्या टीजीच्या खाली ठेवायचं आणि टीजी पुढे सरकेल तसं मागोमाग वर न्यायचं. इथे आणखी एक अडचण निघाली. दोन बाजू आता सारख्या नव्हत्या. उन्हात राहिलेल्या उजव्या बाजूचा कण काढून तपासला तर टीजी ६८ झालेला. सावलीतली डावी अजून ५१ वर. वेळापत्रक कच्च्या बाजूच्या चालीनं ठरवलं. ४० अंशांपासून सुरुवात, मग तासाला ३ अंशांची चढण, शेवटी ६० ला १२ तास. ६० च्या वर जायचा मोह होता. पण गरम झालेला पीव्हीसी फोम आतून वायू सोडतो आणि दाबाखाली हळूहळू बसतोही, म्हणून थांबलो. आत आणि बाहेर दोन्हीकडे गरम हवा, हलखाली नेहमीपेक्षा दुप्पट टेकू, आणि अकरा थर्मोकपल (तापमान मोजणाऱ्या तारा) थेट लॅमिनेटवर चिकटवलेले. हवेत एकही नाही.

डाव्या बाजूवरही वीण उमटली, अपेक्षेप्रमाणे, पण या वेळी आमच्या देखरेखीखाली आणि एकदाच. मग रंग उतरवला, पुट्टी, घासणं, पुन्हा निळा. हे सगळं दोनदा करावं लागलं म्हणून फोरमनच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी विसरणार नाही. हल घासणं हे खांदे तोडणारं काम आहे.

पुढचा हल: काय काय तपासलं

साचा रिकामा होता आणि त्यात तसाच दुसरा हल भरायचा होता. क्युअरिंगच्या नव्या पद्धतींची चर्चा इथून सुरू झाली. यार्डच्या तरुण इंजिनिअरनं सगळं वाचून ठेवलं होतं आणि तिला यूव्हीनं झपाटलं होतं. ते समजण्यासारखं आहे. ३६५ ते ४०५ नॅनोमीटरचे एलईडी दिवे, रेझिनमध्ये फॉस्फिन ऑक्साइड जातीचे फोटोइनिशिएटर (प्रकाश पडला की अभिक्रिया सुरू करणारी रसायनं), आणि लॅमिनेट काही मिनिटांत कडक. हे इनिशिएटर प्रकाश शोषून झाला की स्वतः फिके पडतात, त्यामुळे प्रकाश पुढच्या थरात उतरतो आणि बऱ्यापैकी जाड लॅमिनेटही पार होतं. ग्लास फायबर या प्रकाशाला वाट देतो. जमिनीखालच्या गटारवाहिन्यांना आतून ग्लासचं अस्तर लावून ते यूव्ही दिव्यांच्या गाडीनं क्युअर करत नेतात, ते याच जोरावर.

पण आमचा गुन्हेगार होता फोमपलीकडचा थर. साच्याच्या बाजूनं प्रकाश येत नाही, आतून आला तर फोम अडवतो. दिवा जिथे पाहू शकत नाही तिथे क्युअर होत नाही. शिवाय हे रेझिन बहुतेक पॉलिएस्टर किंवा व्हिनिल एस्टर घराण्यातलं, आणि आमचा साठा, माणसांचा हात, डिझाइनचे आकडे सगळे इपॉक्सीचे. कार्बनचा हल असता तर प्रश्नच मिटला असता, कारण काळा कार्बन हा प्रकाश आत जाऊच देत नाही. फोम नसलेले पातळ ग्लासचे भाग, हॅचची झाकणं, छोट्या दुरुस्त्या, यांसाठी मी यूव्ही आनंदानं सुचवेन. या हलसाठी नाही.

फ्रंटल पॉलिमरायझेशनवर आम्ही एक अख्खी संध्याकाळ घालवली आणि ती वाया गेली असं मला वाटत नाही. कल्पना अशी: एका टोकाला ठिणगी द्यायची. तिथे सुटलेली उष्णता शेजारच्या रेझिनला पेटवते, ते त्याच्या शेजाऱ्याला, आणि क्युअरिंगची लाट स्वतःच्याच इंधनावर पुढे जाते. उदबत्तीसारखं. १९७२ च्या सुमारास सोव्हिएत संशोधकांनी हे दाखवलं होतं. फायबर कंपोझिटसाठी मोठं पाऊल पडलं २०१८ मध्ये, इलिनॉय विद्यापीठातून, डायसायक्लोपेंटाडाईन आणि रुथेनियमच्या उत्प्रेरकावर. भट्टी नाही, ऑटोक्लेव्ह (दाब देणारी भट्टी) नाही, आणि ऊर्जा कित्येक पटींनी कमी. नुसत्या रेझिनमध्ये ही लाट सेकंदाला १ मिलिमीटरच्या आसपास चालते. त्या वेगानं आमचा ११ मीटरचा हल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तीन तासांत झाला असता. पण लाट जिवंत राहायची तर तिची उष्णता तिच्यापाशी राहायला हवी. लॅमिनेटमधली काच ती शोषते आणि फुकटची काही देत नाही. तीन मिलिमीटरची कातडी पंधरा मिलिमीटरच्या थंड साच्याला चिकटलेली असली तर साचा लाटेला वाटेतच विझवणार. इंजिनिअर म्हणाली, "सर, म्हणजे फोमची बाजू तगेल आणि साच्याची मरेल." बरोबर. पुन्हा तोच बाहेरचा थर. साचा गरम असेल तर गोष्ट वेगळी, असंही तीच म्हणाली, आणि त्या वाक्यावर आमची पुढची दिशा ठरली.

प्रीप्रेग, म्हणजे आधीच रेझिन मुरवलेलं कापड, लवकर बाजूला पडलं. ८० ते १२० अंशांना, ऑटोक्लेव्हशिवाय नुसत्या व्हॅक्यूमखाली क्युअर होणारी प्रीप्रेग उत्तम असतात. पण त्यांना फ्रीझरमध्ये साठवावं लागतं, आणि आमचा साचा ८० अंश सहन करणारा नव्हता.

राहिला गरम साचा. पवनचक्कीची पाती बनवणारे हे कधीपासून करतात, त्यांच्या साच्यांच्या पोटात हीटर असतात. बोटीच्या साच्यात ते क्वचितच दिसतात, कारण साचा एकदा बांधून झाला की त्याला कुणी हात लावत नाही. आम्ही पाठीमागून लावायचं ठरवलं. त्याआधी मी पुन्हा तोच हिशेब मांडला आणि त्यातून जे निघालं त्यानं मलाही चकित केलं. हीटर राहू द्या. साच्याच्या पाठीवर नुसतं ५० मिलिमीटर रॉकवूल (उष्णता अडवणारी खनिज लोकर) गुंडाळलं, बाकी सगळं जुनंच ठेवलं, तरी बाहेरची कातडी ३० वरून ४७ अंशांवर जाते. वायर नाही, कंट्रोलर नाही. ज्या यार्डला दुसरं काही जमणार नाही त्यानं निदान एवढं करावं, असं मी तेव्हापासून सगळ्यांना सांगतो.

उरलेले अंश चढवायला फार वीज लागत नाही. ६० वर टिकवायला रॉकवूलच्या आत दर वर्गमीटरला साधारण २५ वॅट पुरतात. तासाला ५ अंशांनी चढवायला साचा आणि लॅमिनेटच्या वजनासाठी आणखी पन्नासेक. आम्ही दर वर्गमीटरला १०० वॅटचे सपाट कार्बन हीटर घेतले, सहा झोनमध्ये. एकूण ४५ वर्गमीटरला साडेचार किलोवॅट.

साच्याच्या कडेचा एक तुकडा कापून त्याचाही टीजी पाहिला. ज्या पातेल्यात शिजवायचं तेच आधी मऊ व्हायला नको. तो ९२ निघाला, तरीही आम्ही ५८ ची मर्यादा घातली.

घसरलेला थर्मोकपल

पहिली चाचणी रिकाम्या साच्यावर केली, आत फोमऐवजी रॉकवूलचं पांघरूण घालून. चौथ्या झोनचा थर्मोकपल साच्याच्या पाठीवर टेपनं चिकटवला होता. पाठीवर जुनी धूळ होती, टेप सुटली आणि थर्मोकपल हवेत लोंबकळू लागला. कंट्रोलरला तो ३१ अंश सांगत राहिला, कंट्रोलर प्रामाणिकपणे पूर्ण वीज देत राहिला. दुपारच्या सुट्टीनंतर फोरमननी पाठीवर हात ठेवला आणि झटकन मागे घेतला. ७४ अंश. साचा वाचला, पण हल आत असता आणि ही गोष्ट रात्री घडली असती तर तो भाग शंभरीच्या जवळ गेला असता.

टेप बंद केली. आता प्रत्येक झोनला दोन थर्मोकपल, ग्लासच्या पट्टीखाली रेझिननं कायमचे बसवलेले, आणि दोघांत ५ अंशांहून जास्त फरक आला की झोन बंद. त्याखेरीज ६८ अंशांना वीज तोडणारा स्वतंत्र कट-आउट, कंट्रोलरशी काही संबंध नसलेला. गरम साच्याचा विचार करणाऱ्यानं आधी हे विकत घ्यावं आणि मग हीटर.

हल भरला त्या दिवशी हीटर बंद ठेवले. गरम साच्यावर रेझिन पातळ होऊन छान धावतं, पण जेलही लवकर होतं, आणि अर्ध्यात अडकलेलं इन्फ्युजन म्हणजे सगळा हल भंगारात. भरणं संपलं, कील तापून पुन्हा निवला, मग चढण सुरू केली.

वेळ मोजायची पद्धत बदलली, आणि माझ्या मते या प्रकरणात खरी नवी पद्धत कोणती असेल तर ती ही. आधी तंबू ६० ला पोचला की घड्याळ सुरू व्हायचं. आता लॅमिनेटमधला सगळ्यात थंड थर्मोकपल ५५ ला पोचला की. बाकीचे सगळे पोचून बसलेले असतात आणि त्याची वाट पाहतात. हा मागे राहणारा निघाला नाळेचा, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाचा. तिथे हल चिंचोळा होत जातो आणि पोटातली गरम हवा त्या खोबणीत शिरत नाही. आठ अंश मागे. लवचीक डक्ट आत सरकवून एका ब्लोअरचं तोंड थेट नाळेत सोडलं, तेव्हा कुठे तो पुढे सरकला. सगळं मिळून चक्र वीस तासांच्या पुढे गेलं. साचा आणखी एक रात्र अडकला म्हणून यार्डमध्ये कुरकुर झाली. मी पहिल्या बोटीच्या घासकामाचे दिवस मोजून फळ्यावर लिहिले, आणि पुढे कुणी काही बोललं नाही.

नमुना पट्टीही बदलली. आता ती फोमसकट असते आणि साच्याच्याच कडेवर, हलला लागून, त्याच इन्फ्युजनमध्ये भरली जाते. हलची पाठ जितकी गार, तितकी तिचीही.

चकत्या या वेळी मुद्दाम तपासायलाच काढल्या. बाजूची बाहेरची कातडी ७७. आतली ७९. कील ८०. दोन्ही कातड्यांत दोन अंशांचा फरक, आधी तो तेवीस होता. हल साच्यातून काढला, रेझिन साच्यातच जेवढं आक्रसायचं तेवढं आक्रसलं होतं. घासून, रंगवून बाहेर काढला. रंग पुन्हा तोच गडद निळा, कारण मालकाला तोच हवा होता. सहा आठवड्यांच्या उन्हानंतर ट्यूबलाइटची परीक्षा पुन्हा घेतली. बाजू दोन्ही स्वच्छ.

नाळेची चकती ७२ आली. डक्टनं आतली बाजू सावरली, पण बाहेरून तिथे हीटर कमी पडतो. साचा त्या टोकाला दुमडलेला आहे आणि सपाट हीटर त्या वळणावर नीट बसत नाही, मधे हवा राहते. भर उन्हात निळा रंग ७१ ला जातो, म्हणजे नाळेवर हातात राहतो तो एक अंश. मालकाशी बोलून त्या टोकावर वॉटरलाइनपासून वर हातभर पांढरा पट्टा घेतला आहे. तिसऱ्या हलसाठी सहावा झोन दोन भागांत तोडलाय, आणि वळणावर सपाट हीटरऐवजी सुटी तार रेझिनच्या पुट्टीत बसवलीय. पुट्टी काल घट्ट झाली. रिकाम्या साच्यावरची चाचणी या आठवड्यात घ्यायची आहे, आणि दुपारच्या सुट्टीत कुणीतरी तिथेच बसणार आहे.